काकांच्या मशीनवर बोक्याची शुगर

आमच्या बंड्याला शुगर आहे, हे सांगितलं का तुम्हाला? बंड्या म्हणजे आमचा बोका. डॉक्टर म्हणाले, "घरीच तपासत जा. उतरली नाही तर इन्शुलिन वाढवावं लागेल." नवीन मशीन कुठलं परवडतंय, म्हणून मी शेजारच्या काकांचं मागून आणायचे. त्यांनाही शुगर आहे ना. बंड्याला नुसतं उकडलेलं चिकन देत होते, तरी आकडा खाली येईना. का, तेच कळेना.

परवा मशीन परत द्यायला गेले, तर काकूंनी मागचा आकडा काढून बघितला आणि काकांकडे वळल्या.

"चारशे बारा? काय खाल्लंत?"

तो आकडा बंड्याचा आहे, हे मी सांगणारच होते. तेवढ्यात काका म्हणाले, "अगं, एकच पेढा."

"एका पेढ्याने चारशे?"

"बरं, दोन. रोज."

मी हळूच म्हटलं, "काकू, ती बंड्याची शुगर आहे."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "हे आधी नाही का सांगायचं?"

काकू म्हणाल्या, "ते राहू द्या. रोज दोन पेढे?"

"दोन कुठले, त्यातला एक बंड्याला द्यावा लागतो. नाही दिला की ओरडून तुला बोलावतो तो."