मिठापुढची मोकळी जागा

(दोन घरांची स्वयंपाकघरं, मधे अरुंद बोळ. खिडक्या समोरासमोर. हात कितीही लांब केला तरी पलीकडे पोचत नाही, एवढंच अंतर. सकाळचे साडेदहा.)

शिवणताई: कांदा करपलाय, भाऊजी! गॅस बंद करा आधी. बंद म्हणजे बंद, बारीक नव्हे!

घड्याळजी: केला. तीनच मिनिटं झाली होती, ताई. समोर घड्याळ ठेवून उभा होतो.

शिवणताई: कांद्याला कुठलं घड्याळ कळतंय! धूर माझ्या मशीनपर्यंत आला. म्हटलं, लागली आग.

घड्याळजी: म्हणून खिडकी उघडलीत. एकोणीस दिवसांनी.

शिवणताई: मोजताय होय?

घड्याळजी: दुसरं काय येतं मला? माझी बायको गेली त्या दिवशी तुमची खिडकी लागली, ती आज उघडली.

शिवणताई: शिवणाची गर्दी होती. कपडे द्यायचे होते लोकांचे.

घड्याळजी: असेल.

शिवणताई: आणि तुम्ही का चुलीशी? तुमची बहीण कुठाय?

घड्याळजी: परत गेली रविवारी. तिला तिचा संसार आहे. ती होती तोवर आई चार घास घ्यायची, कारण ती दटावायची. आज चौथा दिवस. अर्धा कप दूध, दोन बिस्किटं, बास. खालच्या मास्तरीणबाईंनी डबा पाठवला, नर्सबाईंनी पाठवला. चमचा पुढे नेला की ओठ मिटून घेते. म्हणते, सुनेला सांग, तुझं भोपळ्याचं सूप आण.

शिवणताई: ती गेली, हे त्यांना सांगितलं नाहीत?

घड्याळजी: दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली, आणि दुपारी विसरली. तिसऱ्यांदा सांगायची माझी छाती झाली नाही.

शिवणताई: अरे देवा.

घड्याळजी: काल डॉक्टर येऊन गेले. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात न्या, नाकातून नळी घालू, म्हणाले. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, ताई. नळी घालून गेलेली आई परत घरी यायची नाही. म्हणून हा भोपळा. पाचवा.

शिवणताई: पाचवा? भाजीवाला काय म्हणत असेल!

घड्याळजी: म्हणाला, घड्याळं सोडून भोपळे दुरुस्त करायला लागलात काय.

शिवणताई: आगाऊच आहे मेला.

घड्याळजी: तिची वही सापडली. अक्षर लागतं, भाषा लागत नाही. ऐका हं. "कांदा हसू दे, लसूण रुसू नये, भोपळा रडू लागला की पाणी घालू नये." आता हसू दे म्हणजे किती मिनिटं?

शिवणताई: ते... ते माझ्यासाठी रचलं होतं तिने.

घड्याळजी: तुमच्यासाठी?

शिवणताई: मी नवी राहायला आले तेव्हा मला धड चहा जमत नव्हता. सुई सोडून हाताला कशाची सवय नाही. एक दिवस असाच धूर निघाला, माझ्या घरातून. ती त्या खिडकीत, तुम्ही उभे आहात तिथे. म्हणाली, काय गं, कांद्याशी भांडलीस? मग रोज एकेक ओळ गाऊन शिकवायची. पुढे सगळ्या जिन्याने उचलली ती गाणी. मास्तरीणबाई तर वह्या तपासतानासुद्धा गुणगुणतात.

घड्याळजी: मला नाही कधी म्हणून दाखवलं.

शिवणताई: तुम्ही कधी कांदा चिरलात? बरं, तो जळका काढून टाका आणि दुसरा घ्या. बारीक चिरा. एवढं बारीक नको, घड्याळात बसवायचा नाहीये.

घड्याळजी: घातला.

शिवणताई: आता मिनिटाकडे बघू नका, कांद्याकडे बघा. पांढरा असतो, मग आरपार दिसायला लागतो, कडा चकाकतात. दिसलं?

घड्याळजी: ...दिसलं. हसला म्हणजे हे?

शिवणताई: हेच. आता लसूण, आणि काळा पडू द्यायचा नाही, रुसतो. लगेच भोपळा टाका. झाकण. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तो आपलाच पाणी सोडतो आणि त्यातच शिजतो. रडू द्यायचं त्याला. मधेमधे झाकण काढून समजूत घालायची नाही.

घड्याळजी: समजूत घालायची नाही. लिहून घेतो.

शिवणताई: वही ठेवा हो खाली!

आई: कोण आहे रे खिडकीत? कोण बोलतंय?

घड्याळजी: समोरच्या ताई आहेत, आई. पडून राहा.

आई: खिडकीत बोलणं चाललंय म्हणजे सूप होतंय. लवकर आण म्हणावं तिला.

घड्याळजी: ...ऐकलंत?

शिवणताई: ऐकलं.

घड्याळजी: चार दिवसांत पहिल्यांदा "लवकर" म्हणाली. ताई, आता मीठ. मीठ किती?

शिवणताई: घाला की अंदाजाने.

घड्याळजी: माझ्याकडे अंदाज नाही. वहीत मिरीचे दाणे सहा, दूध पाऊण वाटी, तेही गॅस बंद केल्यावर, नाहीतर फाटतं, असं सगळं आहे. मिठापुढे मात्र जागा मोकळी. मी पाव चमचा घातलं, आई म्हणाली आळणी. अर्धा घातलं, म्हणाली खारट. मधलं घातलं, तर वाटीच सरकवली.

शिवणताई: भोपळा एकदा गोड निघतो, एकदा पाणचट. मीठ भोपळ्याला विचारून घालायचं, म्हणायची ती.

घड्याळजी: भोपळा मला उत्तर देत नाही. आणि दुसरं. ही वस्तू काय आहे?

शिवणताई: ...कुठली?

घड्याळजी: ही. फ्रिजमागे उभी होती. लादी पुसायच्या दांड्याला पळी बांधलीय. आणि ही बारीक तार माझ्या पेटीतली. दोन महिने शोधून नाद सोडला होता. तिलाच विचारलं होतं. म्हणाली, मी कशाला हात लावू तुमच्या पेटीला.

शिवणताई: वरच्या फळीवरचं काही काढायला असेल.

घड्याळजी: पळीने?

शिवणताई: मला काय ठाऊक? उतू जाईल, बघा तिकडे.

घड्याळजी: झाकण आहे. तुम्हीच म्हणालात, काढू नका. ताई, तीस वर्षं मी बंद पडलेली घड्याळं उघडतोय. जो येतो तो सांगतो, आपोआप बंद पडलं हो. आपोआप काही बंद पडत नाही. खिडकीसुद्धा नाही.

शिवणताई: मी तिला शब्द दिलाय, भाऊजी.

घड्याळजी: ती नाहीये आता. आई आहे, उद्यापर्यंत.

शिवणताई: ...तिच्या आजारपणाची ती नवी औषधं सुरू झाली ना, सात महिन्यांपूर्वी. पंधरा दिवसांत तिची चव गेली. थोडीथोडकी नाही, सगळी. साखर काय, मीठ काय, तोंडात माती.

घड्याळजी: मला म्हणायची, औषध मानवतंय.

शिवणताई: तुम्हाला सांगितलं तर घड्याळासारखे मला उघडून बसतील, म्हणाली. अंदाजाने रेटत होती बिचारी. मग एक दिवस तुम्ही वाटी सरकवलीत.

घड्याळजी: मी?

शिवणताई: समुद्र ओतलास काय, म्हणालात. आई जेवत नाही, तुझं लक्ष असतं कुठे. मला इथपर्यंत ऐकू आलं.

घड्याळजी: ...मंगळवार होता. दुकानात माझ्या हातून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची काच फुटली होती. तो राग घरी आणला.

शिवणताई: तुम्हाला माहीत नव्हतं.

घड्याळजी: विचारलंही नाही. काही वेळाने तिने वाटी धुतली आणि दुसरं काहीतरी करून आईला भरवलं. मी पेपर वाचत होतो, ताई. मी पेपर वाचत होतो.

शिवणताई: दुसऱ्या दिवशी अकराला खिडकीतून हा दांडा आला माझ्या मशीनवर. टोकाला पळी, पळीत सूप. म्हणाली, अगं, मीठ बघ ना जरा. मी चाखलं. म्हटलं, चिमूटभर अजून. परत पळी आली. मग म्हटलं, बरोबर.

घड्याळजी: तेव्हापासून?

शिवणताई: रोज. रविवारी तुम्ही घरी असायचात, तर तुम्हाला दूध आणायला धाडायची.

घड्याळजी: रविवारी दोनदा दूध आणायचो मी. म्हणायचो, घरात मांजर पाळलंय का?

शिवणताई: ते सांगून हसायची. म्हणायची, आहे की मांजर, समोर बसून शिवते.

घड्याळजी: म्हणजे आई इतके महिने तुमच्या हातचं मीठ खात होती.

शिवणताई: हात तिचा. जीभ माझी.

घड्याळजी: मग तुम्ही खिडकी का लावलीत? करपल्या वासावरून कळलं असतं तुम्हाला, आई उपाशी आहे ते.

शिवणताई: नका विचारू.

घड्याळजी: मी माझं सांगितलं.

शिवणताई: ...तिला नुसतं "बरोबर" चालायचं नाही. पहिल्याच दिवशी म्हणाली, बरोबर काय गं, शाळेतलं गणित आहे का? कसं लागतंय ते सांग. आता मला तुझ्याच जिभेने जेवायचंय. मी शिवणारी बाई, मला कुठून सुचणार! तरी म्हटलं, नवं सुती कापड पहिल्या धुण्याला मऊ पडतं ना, तसं. किती वेळ हसली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, शाळा लवकर सुटल्यावर पोरं धावतात तसं. मग रोजचंच झालं. मी मशीन चालवता चालवता दुसऱ्या दिवसाचं जुळवून ठेवायची. ती डोळे मिटून ऐकायची आणि तोंड हलवायची, जेवल्यासारखं.

घड्याळजी: डोळे मिटून.

शिवणताई: आणि शेवटच्या दिवशी... शेवटचा आहे हे कुठे माहीत होतं मला! घाईचं काम होतं, लग्नाचे कपडे. पळी आली. मी उभ्याउभ्या चाखलं, म्हटलं, बरोबर आहे गं, आणि मशीनकडे वळले. एवढंच. ती दांडा धरून थांबली होती, भाऊजी. माझ्या पाठीला कळत होतं. मग हळूच दांडा मागे गेला. दुसऱ्या दिवशी तुमच्या दाराशी माणसं जमली. एक ओळ हवी होती तिला. रंग जुळवायला कापडातून एक दोरा काढून देतात, तेवढी. तीही मी दिली नाही. म्हणून लावली खिडकी. अकरा वाजले की समोर बघवत नव्हतं.

आई: झालं का रे?

घड्याळजी: झालंच, आई. ...ताई, भोपळा मऊ झालाय. घोटला. दूध घातलं. पाव चमचा मीठ घातलं. हा दांडा येतोय. जपून, माझा हात हलतोय.

शिवणताई: एवढ्या बारीक काट्यांना हलत नाही, आणि पळीला हलतो?

घड्याळजी: काटे उपाशी नसतात.

शिवणताई: धरला. ...हं. भोपळा गोड निघालाय. दोन चिमटी घाला.

घड्याळजी: तुमच्या की माझ्या?

शिवणताई: तिच्या. तुमच्या बोटांनी दीड.

घड्याळजी: घातली. ढवळलं. परत येतोय.

शिवणताई: ...आता न्या. गार व्हायच्या आधी न्या आईंना.

घड्याळजी: आई, उठ. उशी नीट करतो. हे घे.

आई: तिने चाखलं का?

घड्याळजी: चाखलं, आई.

आई: हं. ...हं. हे बघ, आज जमलंय. इतके दिवस सूनबाई रुसली होती का माझ्यावर?

घड्याळजी: नाही. तुझ्यावर कशाला रुसेल?

आई: आण अजून. आणि तिला म्हणावं, आधी सगळ्यांना वाढून मग पातेलं खरवडत बसू नकोस. गरम आहे तोवर घे.

घड्याळजी: सांगतो.

आई: आत्ता सांग. विसरशील.

घड्याळजी: ...ताई. आहात ना?

शिवणताई: आहे. घेतलं त्यांनी?

घड्याळजी: वाटी संपवली. अर्धी अजून मागितली. आणि निरोप दिलाय, गरम आहे तोवर घे म्हणून. तो कुणाला द्यायचा कळेना, म्हणून मीच बसलो वाटी घेऊन.

शिवणताई: बरं केलंत. तुम्ही तरी कुठे जेवलाय!

घड्याळजी: चार चमचे घेतले. गरम आहे, एवढं कळतंय. पुढे काही लागतच नाही. एकोणीस दिवस हेच चाललंय. आधी वाटलं, बहिणीचा स्वयंपाक वाईट, मग वाटलं, माझा.

शिवणताई: येईल चव. वेळ लागेल.

घड्याळजी: दांडा पुन्हा पाठवतोय. धरा. आता मीठ नका बघू.

शिवणताई: मग?

घड्याळजी: कसं लागतंय ते सांगा.

शिवणताई: भाऊजी...

घड्याळजी: सावकाश. मला घाई नाही. दांडा धरून उभा आहे मी.

शिवणताई: ...पायरीवर दिवसभर ऊन असतं ना, भाऊजी. मग ऊन निघून जातं. पण आपण जाऊन टेकलो, तर पायरी अजून गरमच असते. तसं लागतंय.