दुपारचा आकडा

— नाही नाही बाई, उभ्या राहू नका, त्या स्टुलावर बसा, ते डुगडुगतं पण अजून कोणाला पाडलेलं नाही. तर काय सांगत होतो — या कोळशाच्या भट्टीला माझ्याइतकं ओळखणारा माणूस अख्ख्या वीजकेंद्रात सापडणार नाही. तीस वर्षांत एकदाही विझू दिली नाही मी. म्हणजे — दोनदा विझली. एकदा पावसानं कोळसा भिजला म्हणून, आणि एकदा मला डुलकी लागली म्हणून. पण ती डुलकीसुद्धा मी पावसाच्याच नावावर खपवली. हसताय? हसा की! चौकशीला आलेलं माणूस हसताना मी पहिल्यांदाच बघतोय. मागे एक नवे साहेब आले होते, त्यांना सांगितलं, वाफेच्या काट्याकडे टक लावून बघू नका, तो लाजतो — आठवडाभर बिचारे पाठ करून आरशात आकडा वाचत होते!

पण अशा या टोप्या घालणाऱ्याला टोपी कोणी घातली? सख्ख्या भाच्यानं. बाप लवकर गेला त्याचा, माझ्याच घरात वाढला, माझ्या ताटात जेवला, शिकला, आणि शहराबाहेर ते संगणकांचं बिनखिडक्यांचं भलंमोठं गोदाम आहे ना, तिथे साहेब झाला. एक दिवस आला आणि म्हणतो, मामा, आमची यंत्रं संध्याकाळी जे जड काम करतात ते आता भर दुपारी करणार — दुपारी उन्हाची वीज रग्गड, धूर तेवढा कमी, दोन वर्षांत तुझी भट्टी बंदच करतील बघ. आणि हे कोणासमोर? त्याच्या आईसमोर! माझी बहीण या चिमणीच्या सावलीत राहते हो. चार पायऱ्या चढली की धाप लागते. खिडक्यांवर ओल्या चादरी टांगून बसते बिचारी — तिनं त्या काढायचा महिनासुद्धा ठरवून टाकला.

आणि झालं काय? मी आठवी नापास, पण एवढं मला कळतं. दुपारी ऊन असतं, कबूल. पण यांची यंत्रं सुरू झाली म्हणून ते काय जास्त पडतं? उन्हाची होती नव्हती तेवढी वीज इथे आधीच खपत होती. वर आणखी मागितली तर कोण देणार? सूर्याला सांगता येतं का, दोन फावडी जास्त टाक म्हणून? मला सांगता येतं. पूर्वी दुपारी भट्टी मंद करून निवांत डबा खायचो, आता घास तोंडात आणि कोळशाचा पट्टा धावतोय. बरं, संध्याकाळी यांचं काम गेलं म्हणून थांबलं कोण? पलीकडचा गॅसचा संच — ज्याचा धूर आमच्या निम्माही नाही. म्हणजे कमी धुराचा बसला आणि जास्त धुराचा उठला! दुसरीकडे कुठे, जिथे दुपारची वीज वाया जात असेल, तिथे साधत असेल हे, इथे नाही. आणि यानं गोदामाच्या दारावर पाटी लावली, आम्ही एवढा एवढा धूर वाचवला. भट्टी बंद व्हायची राहिली, आता म्हणे आणखी दहा वर्षं चालणार. बहिणीला सांगायला तोंड नाही मला. ती अजून विचारते, चादरी काढू का रे?

काय म्हणता? वहीत तर दुपारचा कोळसा रोज चाळीसच टन दिसतो? हो — दिसणारच. त्याचं असं आहे — इथे दुपारचा आकडा सकाळीच लिहितात. कालचा बघून. माझ्या आधीचेही तसंच करायचे. दुपारी भट्टी मंदच, आकडा हलायचा नाही, मग डबा सोडून उठायचं कशाला? आता सत्तर जातात, खरं आहे, पण हाताला चाळीसची सवय. भाच्यानं त्या वहीवरून हिशेब मांडला, दुपारी कोळसा वाढतच नाही म्हणून — मांड बाबा, पण मामाला एकदा विचारायचं ना! म्हणजे — विचारलं होतं. आकडे खरे ना मामा, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या दाढीइतके खरे. अहो, गंमत केली! रोज गुळगुळीत दाढी करतो मी, दिसत नव्हतं त्याला? माझ्या घरात वाढलेल्या पोराला माझी गंमत ओळखू येऊ नये?

ते काही नाही, तुम्ही लिहा. केसानं गळा कापला म्हणून लिहा. त्याचं नाव ठळक अक्षरात घाला, त्याच्या आईलाही दाखवेन मी तो कागद. अहो, पेन का ठेवलंत?

“काका, तो काल येऊन गेला आमच्याकडे. आकडे खोटे आहेत हे त्याला मागच्या आठवड्यात कळलं. म्हणाला, सगळी चूक माझ्या नावावर लिहा, मामाचं नाव कुठे येऊ देऊ नका.”