मुरुडच्या एसटीत मत्स्यविज्ञान

उपासाच्या दिवशीचा जप करता करता शकूताईंचे कान पुढच्या बाकावरच्या बापलेकीकडे गेले.

“बाबा, ऐक ना, रत्नागिरीला नंबर लागला. मत्स्यविज्ञानाला.”

“मावरं ओळखायला तुला कॉलेज लागतं? त्यापेक्षा बी.कॉम. कर.”

“माशांची पैदास, त्यांचे रोग, सगळं शिकवतात. मला तेच शिकायचंय.”

“बोटीवर पन नेतील.”

“नेतात ना. प्रॅक्टिकल समुद्रातच असतं.”

“आपल्यात बाया बोटीवर चढत न्हाईत, ठाव हाय ना?”

“ठाव हाय. म्हणून तर विचारते. जाऊ?”

शकूताईंचं बोट मण्यावरच थांबलं.

“कधी चढलीस बोटीवर?” बापानं विचारलं.

“कधीच न्हाय.”

“मंग तिथं पोरांसमोर ओकशील. नाखवाची पोर म्हणून माझीच लाज जाईल. उद्या पहाटे आपल्या बोटीवर चल.”