दमले म्हणायचं का?

आई : गळा अजून थोडा वर घे ना, ताई.

मावशी : अगं, याहून वर घेतला तर पोरीचं डोकं जायचं नाही आत. बास्केटबॉलची जर्सी आहे, स्वेटर नव्हे. टिकले, हात वर कर. दोन्ही. चेंडू टाकताना करतेस तसे.

टिकली : मावशी, टाचणी टोचतेय.

मावशी : चुळबुळ केलीस तर टोचणारच. खांबासारखी उभी राहा बघू.

आई : बघ, हात वर केले की व्रणाचं टोक दिसतंच.

मावशी : बोटाच्या पेराएवढं.

आई : पेराएवढं असलं तरी मुलं विचारणार.

मावशी : विचारू देत की. ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली. दोनाची होती, आता सहाची झाली.

टिकली : मी सांगेन त्यांना. माझ्या हृदयाला भोक होतं, ते डॉक्टरांनी शिवलं. मावशी शिवते तसं.

मावशी : माझ्यापेक्षा बारीक टाके घातलेत हो त्यांनी. माझ्या हातून खिसासुद्धा इतका साफ होत नाही.

आई : तुला थट्टा सुचते, ताई.

मावशी : बरं, नाही करत. या वेळी काय म्हणाले डॉक्टर?

आई : म्हणाले, आता ही चारचौघांसारखीच. पळू द्या, पडू द्या. मी विचारलं, बास्केटबॉलसुद्धा? तर म्हणाले, हो, तेसुद्धा. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरून तेच विचारलं. तेव्हा ते नुसते हसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मावशी : आणि एवढं होऊन आज सकाळी तू बास्केटबॉलच्या क्लासच्या सरांना फोन केलास.

आई : तुला कोणी सांगितलं?

मावशी : तुझ्या नवऱ्याने. त्याच्या पोटात कधी काही राहिलंय का?

आई : केला फोन. म्हटलं, उद्यापासून हिला थोडं पळवलं की बसवत जा. ते म्हणाले, या वयाची सगळीच पोरं धापा टाकतात, पाणी पितात आणि पुन्हा पळतात. ही एकटीच बसून राहिली तर तिच्याकडे चेंडू कोण टाकणार?

मावशी : बरोबरच बोलले ते. आता वळ गं टिकले, पाठ बघू दे.

आई : टिकले, इकडे लक्ष दे. उद्या दम लागला की लगेच सरांना सांगायचं. लाजायचं नाही.

टिकली : हो.

आई : काय सांगायचं?

टिकली : दमले म्हणून. आई, दमले नसले तरी दमले म्हणायचं का?

आई : म्हणजे?

टिकली : तुझ्यासमोर म्हणते तसं.

मावशी : नीट सांग बाळा. आईसमोर काय म्हणतेस?

टिकली : मी आणि बाबा खाली चेंडू आपटत खेळतो ना, तेव्हा मी नाही म्हणत. आई गॅलरीत आली की म्हणते. मग आई खाली येते. पाणी देते, इथे छातीवर हात ठेवते. मग तिला बरं वाटतं.

आई : मला बरं वाटतं?

टिकली : हो. आधी तुझा चेहरा असा असतो. (भुवया आवळून, ओठ घट्ट मिटून दाखवते.) मग तो नीट होतो.

मावशी : पाणी घे गं. तो तांब्या तिथे आहे, मशीनमागे.

आई : नको. टिकले, कधीपासून म्हणतेस असं?

टिकली : आठवत नाही. पहिल्यापासून.

आई : मग तू खरंच दमलीस तर मला कळणार कसं?

टिकली : खरंच दमते तेव्हा मी काही बोलतच नाही. खाली बसते. मग बरं वाटलं की उठते.

आई : तुझी तू?

टिकली : हो. बाबा पण बसतात. ते माझ्याआधी बसतात.

मावशी : त्याचं पोट बघता बसणारच.

आई : ताई, गळा राहू दे.

मावशी : राहू दे म्हणजे? टाचण्या काढू?

आई : काढ. आहे तसाच ठेव. खालून तेवढी आखूड कर, पायात येईल तिच्या.

मावशी : नक्की ना? उसवायला मी पुन्हा बसणार नाही.

आई : नक्की. टिकले, उद्या मी तिथे बाकावर बसणार आहे. क्लास संपेपर्यंत.

टिकली : बाबा नाही येणार?

आई : तेही येतील. पण मी बघत असताना माझा चेहरा पुन्हा तसा झाला, तर...

टिकली : तर दमले म्हणू?

आई : नाही. तू चेंडूकडे बघ. चेहऱ्याचं माझं मी बघते.