खारीची तोंडं

आई : पुन्हा नाही. सकाळी केलं की सगळं.

लेक : सकाळी 'आ' आणि 'ई' झालं. 'ऊ' राहिलाय. गालही फुगवायचेत.

आई : हवा निघून जाते डावीकडनं.

लेक : जाऊ दे. अर्धांगाच्या झटक्यानंतर तोंड वळणावर यायला वेळ लागतो, डॉक्टरांनी सांगितलंय ना? आणि मावशीचा फोन आला होता. उद्या येऊ का विचारतेय.

आई : झोपलेय म्हण.

लेक : उद्याचं विचारतेय, आई. उद्या झोपणार आहेस हे आज कसं सांगू?

आई : हे तोंड घेऊन धाकट्या बहिणीसमोर नाही बसायचं मला. तू जा, तुझं काम कर.

लेक : काम परत आलंय.

आई : ती खार?

लेक : हो, मुलांच्या गणिताच्या व्हिडिओतली. जीव मेटाकुटीला आलाय तिच्यापायी.

आई : पुन्हा शेपटी?

लेक : शेपटी पास झाली एकदाची. आता तोंडं परत केलीत.

आई : किती तोंडं आहेत तिला?

लेक : बोलताना ओठ हलायला हवेत ना? म्हणून 'आ'चं, 'ई'चं, 'म'चं, एकेक तोंड वेगळं काढून ठेवायचं. आवाज येईल तसं कॉम्प्युटरवर एक उचलून दुसरं बसवायचं. खार बोलायला लागते.

आई : मग बिघडलं कुठे?

लेक : काही नाही गं. साहेबांना खुसपट काढायची सवयच आहे. चल, 'ऊ' कर.

आई : काय म्हणाले?

लेक : 'ऊ' कर.

आई : आधी सांग.

लेक : म्हणाले, वाकडी आहेत. एकूण एक.

आई : दाखव. चष्मा दे माझा.

(लेक टॅब्लेट आईच्या मांडीवर ठेवते.)

आई : हा 'आ'?

लेक : हो.

आई : डावीकडे लोंबतोय. 'ई'पण. हा 'म' तर... अशी दिसते मी?

लेक : आई, मुद्दाम नाही केलं.

आई : मोरीतल्या आरशावर टॉवेल टाकून ठेवलाय मी. माझं मलाही बघायचं नव्हतं. आणि तू ते काढून साहेबांना पाठवलंस?

लेक : ऐक तरी. सकाळ-संध्याकाळ तुझ्यासमोर बसून 'आ', 'ई' करून घेते. तिथून उठते आणि तेच 'आ', 'ई' काढायला बसते. दमलेली असते गं, हात आपसूक चालतो. मेल आला तेव्हा साहेबांवरच चिडले मी. पुन्हा पुन्हा बघितलं. मला सरळच दिसत होतं.

आई : सरळ?

लेक : शप्पथ. शेवटी पट्टी लावली, तेव्हा कळलं.

(आई चष्मा काढून पदरानं डोळे टिपते.)

लेक : रडू नकोस ना. तू रडलीस की मी रडणार, आणि काम पडून राहणार.

आई : रडत नाहीये. डावा डोळा आपोआप गळतो, माहितेय तुला.

लेक : दोन्ही गळतायत.

आई : गप बस. हे दुरुस्त कसं करणार?

लेक : सोपंय. उजवा अर्धा उचलायचा, उलटा करून डावीकडे चिकटवायचा.

आई : झालं?

लेक : झालं.

आई : नशीब काढलंय खारीनं.

लेक : मावशीला मग काय सांगू? मला नाही आता तिच्याशी खोटं बोलवत.

आई : शिवणाच्या दुकानात मी ओठांत टाचण्या धरून बोलायचे. आठवतं?

लेक : आठवतं ना. ब्लाउजचं माप घेत एका कोपऱ्यातनं पुटपुटायचीस. गिऱ्हाइकं बावचळून माझ्याकडे बघायची.

आई : धाकटी शेजारी बसून काजं करायची. मान वर न करता तिला शब्द न् शब्द कळायचा.

लेक : हो. चहा टाक म्हटलंस की तीच उठायची.

आई : खारीचं तोंड सरळ कर तू. तिला पोरांना गणित शिकवायचंय.

लेक : आणि तुझा 'ऊ'?

आई : राहू दे आज. मला धाकटीशीच तर बोलायचंय. उद्या ये म्हणावं.