मागची गादी

जर्मनीतल्या सरकारी मोटारसायकल-तपासणीच्या रांगेत, आपली गाडी घेऊन उभ्या असलेल्या आन्केच्या पुढे एक म्हातारा आणि एक तरुण बोलत होते.

"काका, काय थाट आहे गाडीचा! मागे रुंद गादी, पाठीला टेकू, वर गरम होणारी सीट!"

"हाइड्रुनची कंबर दुखायची. बायको माझी."

"मग आता ऐटीत बसत असतील काकू!"

"एकदाही बसली नाही. सारखी मागे लागायची, तळ्यापर्यंत तरी ने म्हणून. मी म्हटलं, नव्यानं बसवलेल्या या सामानावर तपासणीचा शिक्का बसल्याशिवाय नाही."

"बरोबर आहे की. नियम म्हणजे नियम."

"हो. मार्चमध्ये वारली ती."

"अरे देवा! मग आज कशाला आलात, काका?"

"आजची वेळ तिनंच घेऊन ठेवली होती."