लेखी न्हाई

…आन् कारण काय लिहिलं माहिती हाय का? 'कौटुंबिक अडचण'! तुम्हाला सांगते, मी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. कुटुंबात हाय कोण? सासूबाई टीव्हीपुढं, पोरगी पुण्याला नोकरीला, राहिलं कोण? मी! म्हणजे सव्वीस वर्षं भाकरी थापून थापून शेवटी सरकारदरबारी ज्योत्स्नाबाईची नोंद काय, तर अडचण! आन् अडचण कशाला, तर प्रमोशनला! आवं, माणसाची बदली झाली, चौकशी लागली, तर माणूस अडचण सांगतो… ह्या माणसाला साहेब करून राहिले होते हो, साहेब! अव्वल कारकुनाचा नायब तहसीलदार! आन् हे न्हाई म्हणले. तोंडी न्हाई… लेखी न्हाई!

आमचे हे, म्हणजे रविकांत, राहतात लातूरला आन् नोकरी चाकूरला. चौदा वर्षं झाली, रोजचं अपडाउन. सात जणांनी मिळून जीप लावली हाय, सकाळी नऊला कोपऱ्यावर हॉर्न वाजतो, की हे एका पायात चप्पल, एका हातात डबा, पळालेच! डबा कसला, चार कप्प्यांचा, एवढाल्ला! मी इचारते, एका माणसाला चार कप्पे कामून लागतात? तर म्हणतात, "दुपारी सगळे मिळून बसतो गं." मिळून बसतो म्हणजे काय, तर पेपर आंथरून सात डबे उघडायचे आन् ज्यानं त्यानं दुसऱ्याच्याच डब्यात हात घालायचा. बरं, घाला. माझी काही तक्रार न्हाई.

तर आर्डर आली. बिलोलीला नायब तहसीलदार म्हणून हजर व्हा, आठ दिवसांत होकार कळवा. मी काय केलं असंल? दहा मिनिटांत किल्लारीला बहिणीला फोन, खाली दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाईला तर न इचारता सांगितलं! ती आपली "अभिनंदन हो साहेबीणबाई" म्हणली, आन् मी, खोटं कशाला बोलू, दोन दिवस पदर खांद्यावर नीट घेऊन हिंडून राहिले. चार वर्षांनी हे रिटायर होणार! आता न्हाई तर कधीच न्हाई! आन् तिसऱ्या दिवशी जेवताना, पाणी मागावं तसं हे म्हणतात, "मी न्हाई म्हणून कळवून राहिलोय."

माझ्या हातातला चमचा आमटीत बुडाला बघा.

"कामून?" म्हणलं. "बिलोली दूर हाय म्हणून? मी येते! सासूबाईंला घेऊन येते! टीव्ही घेऊन येते!"

"तसं न्हाई."

"काम जमणार न्हाई म्हणून? सगळ्या फायली तर तुम्हीच लिहिता, साहेब नुसती सही करतो म्हणून सांगता की!"

"तसं बी न्हाई."

"मग कसं?"

तर भिंतीकडं बघतात! आता मला सांगा, दरसाल जयंतीला हाच माणूस विहारापुढं माईक धरून काय सांगतो? "पोरांनो, शिका! मोठ्या खुर्चीवर बसा! आलेली खुर्ची सोडू नका!" पोरं टाळ्या वाजवतात, मी तर सगळ्यांहून जोरात वाजवते. आन् ती खुर्ची आपल्या चार पायांनी चालत दारात आली, तर हे तिला म्हणतात, पुढचं घर बघ! आन् तेही लेखी!

मी सासूबाईंकडं गेले. सरजाबाई म्हणजे सरजाबाई! घरात गॅस आला तर दोन वर्षं त्याला हात लावला न्हाई, का तर म्हणे भाकर रुसती. त्यांना म्हणलं, सासूबाई, तुमच्या लेकाला समजावा, साहेब व्हायला न्हाई म्हणून राहिलाय. तर टीव्हीवरची नजर न हलवता काय म्हणतात… "बरंच हाय की. साहेबाला शिव्या कशा देऊ मी?" घ्या! पोरीला फोन लावला. धम्मप्रियाला. तर ती म्हणती, "मम्मी, इट्स हिज चॉईस." चॉईस? अगं, चॉईस साडीत असती, भाजीत असती, साहेब व्हायचं का न्हाई ह्यात कसली आली चॉईस? मी फोन ठेवला. म्हणजे तिनंच ठेवला, पण मी ठेवणारच होते.

मग मी शेवटचा इलाज काढला. रामलिंगभावजी! ह्यांच्या शेजारच्या टेबलाचे, जीपमधी शेजारच्या शीटचे, ह्यांचा जीव की प्राण. म्हणलं, भावजींचं तरी हे आयकतील. रविवारी जेवायला बोलावलं. अंबाडीची भाजी केली, भाकरी केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आन् दारातच त्यांना हळूच सांगितलं, "भावजी, आज ह्यांला हो म्हणवूनच जायचं." तर म्हणले, "वहिनी, तुम्ही बघाच!"

मी बघतच राहिले! पहिली भाकर… बोलले न्हाईत. दुसरी भाकर… मी डोळ्यानं खुणावते, तर म्हणतात, "वहिनी, ह्या अंबाडीला लसूण किती लावला?" अहो भावजी, लसूण ऱ्हाऊ द्या, प्रमोशनचं बोला! तिसऱ्या भाकरीला तोंड उघडलं, मी कान टवकारले, तर त्यात चटणी गेली! बरं, ती चटणी तरी स्वतःच्या ताटातली घ्यावी? न्हाई! ह्यांच्या ताटातली, न इचारता, बोटानं उचलून! समोर वाटी भरलेली हाय, तरी ह्यांच्याच ताटातली! आन् जाताना ढेकर देऊन म्हणले, "रवीभौ, विचार करा बरं का." झालं! तीन भाकरीला एक वाक्य!

ते गेले आन् मी सुरू झाले. म्हणलं, काय माणूस हाय! समजवायला बोलावला तर तुमच्या ताटातली चटणी संपवून गेला! तर हे म्हणले, "तू बघितलंस ना?"

"काय बघायचंय त्यात?"

"तेच." म्हणले. "बस जरा."

मी बसले. आन् हा माणूस, जो घरात 'हाव' आन् 'न्हाई' ह्याच्या पलीकडं बोलत न्हाई, तो बोलायला लागला. "मागल्या साली साहेब रजेवर होते, तेव्हा अकरा दिवस चार्ज माझ्याकडं होता. आठवतंय? पहिल्या दिवशी दीड वाजता मी डबा घेऊन पोरांमधी गेलो, तर सगळे उभे राहिले. रामलिंग बी. शिपायानं माझ्या हातातला डबा घेतला, केबिनमधी नेला, टेबल पुसला, पाण्याचा गिलास झाकून ठेवला. म्हणला, साहेब, तुमचं आत. अकरा दिवस मी आत जेवलो. एकटा."

म्हणलं, "मग? आवं, मान देऊन राहिले ना ते!"

"मान हाय. कळतंय मला." म्हणले. "पण ज्योत्स्ना, माझा बाप ज्यांच्या शेतात कामाला होता ना, तिथं त्याचा गिलास गोठ्याच्या कोनाड्यात असायचा. जर्मनचा, पोचे आलेला. घरातली बाई वरून पाणी ओतायची. मी बापाची भाकर घेऊन जायचो, तेव्हा बघायचो. बापाचं सगळंच वेगळं. आन् आज रामलिंग, तसल्याच मोठ्या घरचा पोरगा, चौदा वर्षं माझ्या डब्यात हात घालतो. इचारत न्हाई. त्याच्या मनात सुद्धा येत न्हाई की त्यात काही हाय. मला ह्याच्याहून मोठी खुर्ची कोणती देणार हाय सरकार? साहेब झालो की माझं पुन्हा वेगळं."

म्हणलं, "आवं, पण ते वेगळं आन् हे वेगळं, एक कसं होईल?"

"न्हाई होत." म्हणले. "मला कळतंय. पण जेवताना न्हाई कळत."

मी गप्प झाले. मी! आमच्या कॉलनीत कुणालाही इचारा, ज्योत्स्नाबाई कधी गप्प झाली होती का! सासऱ्यांचा फोटो समोर होता, नरसिंगमामांचा, पांढरा फेटा, मिशा… लई हसऱ्या माणसाचा फोटो हाय तो. सव्वीस वर्षं त्या फोटोला हार घालते, पण त्या गिलासाचं कुणी मला सांगितलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं, राग बी आला, कुणाचा आला ते कळंना. शेवटी उठले आन् मीच पेन आणून दिला. म्हणलं, लिवा. आता खरं कारण कसं लिहिता हो? 'माझ्या ताटात हात घालायला कुणी उरणार न्हाई, सबब पदोन्नती नको'? वरचे लोक हसले असते. मग म्हणले, कौटुंबिक अडचण लिहितो. म्हणलं, लिवा, मी व्हते अडचण! झाला कागद. गेला कागद. न्हाई! लेखी!

आता खरी गंमत आयका. गंमत कसली, धक्का! एकानं न्हाई म्हणलं म्हणजे सरकार काय खुर्ची माळ्यावर टाकतं का? यादीत पुढचं नाव बघतं. पंधरा दिवसांनी दाराची बेल वाजली. उघडते तर रामलिंगभावजी, हातात पेढ्याचा बॉक्स.

"वहिनी, तुमच्या आशीर्वादानं बिलोलीची आर्डर आली!"

म्हणलं, "भावजी… आन् तुम्ही हो म्हणलात?"

"हाव!" म्हणतात. "तोंडी बी, आन् लेखी बी!"

आवं, ज्या माणसाच्या हातासाठी आमच्या माणसानं खुर्ची सोडली, तोच हात खुर्ची धरून चालला! मी ह्यांच्याकडं बघितलं. वाटलं, आता हा माणूस कोसळतो. तर हे हसले! खरंच हसले, भावजींना मिठी मारली, स्वतःच्या हातानं पेढा भरवला, म्हणले, "जा रे लेका, तुला पोरी शिकवायच्यात." आन् वरून भावजींच्या घरी जाऊन त्यांचं सामान टेंपोत चढवून आले. खऱ्या कारणाचा एक शब्द बोलले न्हाईत. मी तोंड उघडलं, तर माझ्याकडं असं बघितलं की मी पेढाच तोंडात टाकला.

पण सोमवारी डबा घरी आला ना… मी कप्पे उघडले, तर निम्मी भाजी तशीच. चौदा वर्षांत पहिल्यांदा! म्हणलं, काय झालं, बाकीचे खात न्हाईत का? तर म्हणले, "खातात. इचारून घेतात." आन् त्या शेजारच्या टेबलावर आता जो नवा पोरगा आलाय, तो म्हणे दुपारी मोबाईलकडं बघत दुधात कसला तरी भुस्सा कालवून खातो! त्याच्या डब्यात काय हात घालावा? मंगळवारी निम्मी परत. बुधवारी निम्मी परत. मी काय बोलणार? मीच पेन दिला होता.

आन् गुरुवारी दीड वाजता फोन. भावजी. आवाज असा बारीक! "वहिनी, इथं शिपाई माझं ताट केबिनमधीच आणून ठेवतो. बाहेर पोरं जेवून राहिलीत, हसून राहिलीत, मी गेलो की गप्प. रवीभौला इचारा की, त्या अकरा दिवसांत त्यांनी काय केलं होतं?" मी संध्याकाळी ह्यांला सांगितलं. ह्यांनी हातातला डबा ओट्यावर ठेवला. मग इचारतात, "घरात अंबाडी हाय का?"

तर आता माझं काय चालू हाय, आयका. आमच्या लातुरात खेड्यापाड्यांतून शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनं येतात, आईबाप कंडक्टरच्या हाती देतात. आमच्या घरून आठवड्यातून दोनदा डबा उलटा जातो, बिलोलीला, भावजींसाठी! पहाटे पाचला उठून भाकरी, भाजी, चटणी… आन् कप्पा लावायच्या आधी हे त्यातला एक घास काढून खातात, म्हणतात, आता झाला डबा. ह्यांला म्हणलं, स्टँडवर तुम्ही जा, तर म्हणतात जीप चुकंल. जाते मीच. परवा कंडक्टरनं इचारलं, "मावशी, पोरगं कितवीला हाय बिलोलीला?"

म्हणलं, "पोरगं कसलं बाबा, नायब तहसीलदार हायत."

तर तो चटकन उभाच राहिला. "अरे वा! साहेब तुमचे मालक हायत का?"

काय सांगू त्याला? म्हणलं, "न्हाई रे बाबा. साहेब दुसऱ्याचा. डबा तेवढा आमचा."